मागच्या सीटचं माप

दादाच्या डोळ्यांबद्दल डॉक्टरांनी जे सांगितलं ते एका वाक्यात मावण्यासारखं होतं. समोरचं उत्तम दिसतं, कडेचं दिसत नाही, तेव्हा आजपासून मोटारसायकल बंद. दादाने यातलं 'उत्तम दिसतं' एवढंच ऐकलं आणि उठून चपला शोधायला लागला. चपला खुर्चीच्या कडेला होत्या, त्यामुळे त्या सापडेनात.

"कडेचं बघायला ही आहे ना मागे," तो वहिनीकडे बोट दाखवून म्हणाला. "इतकी वर्षं तीच बघतेय. डावीकडून ट्रक आला, उजवीकडून कुत्रं आलं, सगळं तीच सांगते. विचारलं नाही तरी सांगते."

"मग त्यांनाच चालवू द्या," डॉक्टर म्हणाले.

डॉक्टरांनी हे थट्टेत म्हटलं होतं. वहिनीने ते औषधासारखं घेतलं. पुढच्याच आठवड्यात तिने गाडी शिकवणाऱ्या शाळेत नाव घातलं. दादाने तिच्याकडे, शाळेकडे आणि एकूण जगाकडे पाठ फिरवली आणि आपली जुनी काळी मोटारसायकल रागारागाने विकून टाकली. ती गाडी वहिनीच्या उपयोगाची नव्हतीच म्हणा. ती स्टँडवरून खाली घ्यायची तर दादासारखा उंच माणूसही आधी आजूबाजूला बघून, शर्टाच्या बाह्या सारून, एक खोल श्वास घेत असे.

दादा म्हणजे माझा थोरला भाऊ. ती दोघं खाली राहतात, मी वरच्या मजल्यावर. त्यांचा धंदा पडद्यांचा. वहिनी लोकांच्या घरी जाऊन खिडक्या मोजते, पडदे शिवते. दादा भिंतीला भोकं पाडून दांड्या लावतो. पडदा तिचा, दांडी त्याची, आणि त्यावरून भांडण दोघांचं. कामावर निघताना दांड्या गाडीच्या एका अंगाला बांधलेल्या, दोघांच्या मध्ये पडद्यांचं गाठोडं, पुढे दादा ताठ, मागे वहिनी. लांबून येताना पाहिलं तर एखादं लहानसं गलबत शिडं उतरवून बंदरात येतंय असं वाटायचं.

शिडीवर चढून समोरच्या भिंतीत भोक पाडायला डॉक्टरांची काही हरकत नव्हती. तिथे कडेचं काही येत नाही. हरकत दादाचीच होती. डॉक्टरकडून आल्यापासून त्याने ड्रिल मशीन पेटीत ठेवलं, पेटी माळ्यावर टाकली आणि स्वतः आरामखुर्चीत पडला. कधी गुडघा दुखे, कधी पाठ. बोलावणं कुठून आलं की जे मोकळं असेल ते दुखे.

आणि बोलावणं आलं होतं. टेकडीवर एक नवीन विश्रामगृह उभं राहिलं होतं. खिडक्याच खिडक्या, भिंती फक्त खिडक्या टांगायला ठेवल्यासारख्या. सगळ्या पडद्यांचं काम वहिनीला मिळालं होतं. अर्धे पडदे शिवून तयार होते. सोमवारपासून दांड्या लागायला हव्या होत्या, नाहीतर व्यवस्थापक ते काम रोलरवाल्याला देणार होता. रोलरवाला म्हणजे जो खिडकीवर प्लॅस्टिकची गुंडाळी बसवतो आणि त्याला पडदा म्हणतो. आमच्या घरात त्याचं नाव जेवताना घेत नाहीत.

"टॅक्सी करून जा की," मी सुचवलं.

वहिनीने शिलाई मशीनवरून मान वर न करता सांगितलं, "पडदे जातील हो टॅक्सीने, भाऊजी. हे जाणार नाहीत. परवा बसने जाऊ म्हटलं, तर ड्रायव्हरच्या मागे उभे राहून त्याला गिअर सांगायला लागले. दुसऱ्या थांब्यावर उतरवलं आम्हाला."

"उतरवलं नाही," आरामखुर्चीतून आवाज आला. "मी उतरलो. तो माणूस तिसऱ्या गिअरमध्ये चढ चढत होता."

वहिनीला परवाना मिळाला. शाळेत सगळी कोवळी पोरं होती. शिकवणारे त्यांना नावाने हाक मारत आणि वहिनीला 'काकू, ब्रेक!' म्हणत. ती दोनदा पडली. पण तिचं म्हणणं असं, की पडल्यावर उठायला शाळेत शिकवावं लागलं नाही, ते लग्नातच शिकून झालं होतं. आता गाडी घ्यायची एवढंच उरलं.

"स्कूटर घे," दादा म्हणाला. "बायकांना बरी."

"दांड्या कुठे बांधू? डोक्याला?" वहिनी म्हणाली. "आणि इतकी वर्षं मी मोटारसायकलवर बसलेय. आता काय खालच्या वर्गात जाऊन बसू?"

शनिवारी सकाळी आम्ही तिघं शोरूममध्ये गेलो. मला सायकलसुद्धा येत नाही. या विषयावर माझं काहीच मत नसल्यामुळे दोघांनीही मला आपल्या बाजूचा धरून बरोबर घेतलं होतं. पाठ, गुडघा सगळं विसरून दादा आला, कारण गाडी निवडायचा हक्क त्याने अजून सोडलेला नव्हता.

शोरूममध्ये गाड्या अशा चकचकीत उभ्या होत्या, की त्या चालवण्यापेक्षा त्यांच्यापुढे भांग पाडावा असं वाटत होतं. एक टाय घातलेला विक्रेता दारातच आम्हाला भेटला आणि भेटला तो चिकटलाच.

"ही बघा, मॅडम. शून्यावरून शंभरावर किती सेकंदांत जाते, सांगू?"

"शंभरावरून शून्यावर किती सेकंदांत येते ते सांगा," वहिनी म्हणाली. "मला जायची घाई नसते, थांबायची असते."

टायवाल्याच्या पाठांतरात हे नव्हतं. तो पुढच्या गाडीकडे सरकला. "ही वळणावर रस्त्याला अगदी चिकटून राहते."

"मग सोडते कधी?"

इकडे दादा दुसऱ्या रांगेत एकेका गाडीची वासलात लावत होता. एकीचा आवाज शिंक दाबल्यासारखा होता. एकीचे आरसे न्हाव्याच्या दुकानातून आणल्यासारखे होते. एक लाल होती, म्हणून बाद. "लाल गाडीला लोक वाट देतात," तो मला म्हणाला. "चालवणाऱ्याची सवय बिघडते." एक लहानशी, बुटकी, वहिनीच्या कमरेला येईल अशी गाडी होती, तिच्यापाशी तर तो थांबलासुद्धा नाही. "ही मोटारसायकल नाही. ही मोटारसायकलची भाची."

मला त्याच्या खोट काढण्यामागचं कारण दिसायला लागलं होतं. जोवर गाडी ठरत नव्हती तोवर दादा गाडी चालवणारा माणूस होता, फक्त सध्या गाडी नसलेला. गाडी ठरली की तो मागे बसणारा माणूस होणार होता. तेव्हा जगातली कुठलीच गाडी त्याला पसंत पडणं शक्य नव्हतं.

आणि तरी एक पडली. कोपऱ्यात एक निळी-काळी, उंच, रुंद खांद्यांची गाडी होती. टायवाला म्हणाला, "बसून तर बघा!" आणि ती दोघं बसली.

पुढे दादा. मागे वहिनी.

हे इतक्या सहज झालं, की कुणालाच काही वाटलं नाही. दादाने पाय टाकला, वहिनीने त्याच्या खांद्यावर हात ठेवून मागून पाय टाकला, पिशवी दोघांच्या मध्ये ठेवली आणि दोघं शोरूमच्या भिंतीकडे बघत बसली. मलाही काही खटकलं नाही. सूर्य पूर्वेला उगवला तर कुणी 'अरेच्चा' म्हणतं का?

"हं," दादा बऱ्याच वेळाने म्हणाला. "हँडल कसं आपणहून हातात येतंय. दोन्ही पाय पुरते टेकतात. कंबर मोकळी राहते."

"मागेही छान आहे," वहिनी डोळे मिटून म्हणाली. "सीट रुंद आहे. पाठीला टेकू आहे. पाय ठेवायला ऐसपैस जागा. आपल्या जुन्या गाडीला हे असं कधी नव्हतं हो."

"घेऊ या?"

"घेऊ या."

मला ते फार गोड वाटलं. महिनाभर एकमेकांशी धड न बोललेली दोघं एका विधानावर सही करत होती. टायवाल्याने टाय सरळ केला.

दुपारी गाडी पुसून-पासून दारापाशी आणली. टायवाल्याने किल्ली वहिनीच्या हातात दिली, कारण परवाना तिचा होता. सगळे कौतुकाने उभे राहिले. वहिनी किल्ली घेऊन गाडीजवळ गेली, मागच्या सीटपाशी उभी राहिली आणि दादाच्या चढण्याची वाट बघू लागली. दादा गाडीच्या डाव्या बाजूला उभा होता. त्याचा एक पाय जमिनीवरून किंचित उचललेलाही होता. तो तसाच राहिला.

"काका, काढा ना गाडी," टायवाला म्हणाला.

दादाने उचललेला पाय हळूच खाली ठेवला आणि वहिनीने हातातल्या किल्लीकडे बघितलं.

वहिनीच्या चेहऱ्यावर मी आजवर तो भाव एकदाच पाहिला आहे. एका बाईने आधी महागाचं कापड घेतलं होतं आणि मग खिडकी मोजायला हिला बोलावलं होतं, तेव्हाचा. असल्या गिऱ्हाइकांचे किस्से ती वर्षानुवर्षं हसून सांगत आलेली. आता पडदा तिने फाडून आणला होता आणि खिडकी समोर उभी होती.

पण मागे हटणं तिच्या स्वभावात नाही. ती गाडीला वळसा घालून पुढे आली, ओढणी कमरेला खोचली, पाय टाकला आणि बसली. तिच्या पायांचे अंगठे तेवढे जमिनीला लागले. अंगठ्यांवर ती क्षणभर तोललेली राहिली, नर्तकीसारखी. मग तिने स्टँड काढलं.

गाडी पडली असं म्हणणं अतिशयोक्ती होईल. गाडी बसली. म्हैस जशी आधी विचार करते, मग एका बाजूला कलते आणि मग आपला निर्णय जगाला मान्य करायला लावते, तशी ती सावकाश, दारातल्या कुंडीवर बसली. मी आणि टायवाला एका बाजूने धावलो, पण ती बाजू चुकीची होती. दादाने मात्र वहिनीला दंडाला धरून अचूक बाहेर ओढलं. गाडीकडे त्याने बघितलंही नाही.

"लागलं?"

"नाही."

"पाय?"

"पाय पुरलेच नाहीत, तर लागतील कसे?"

गाडी अजून उंबऱ्याच्या आत होती, त्यामुळे शोरूमच्या मालकांनी ती परत ठेवून घेतली. एक आरसा आणि एक कुंडी आमच्या खात्यावर गेली. टायवाला आम्हाला बाहेरच्या रस्त्यापर्यंत पोचवायला आला, बहुधा आम्ही खरंच गेलो याची खात्री करायला.

घरी आल्यावर दादा आरामखुर्चीत असा बसला जसा राजा सिंहासनावर परत येतो. "मी म्हणतच होतो," तो म्हणाला. म्हणत काहीच नव्हता, पण त्याने काही बिघडत नाही. "हे आपल्याला जमणारं नाही. झाली आता वयं. घेऊ दे रोलरवाल्याला काम. आपण कोपऱ्यावरची घरं करू, पायी जाता येतील अशी."

वहिनी मशीनवर बसली. मशीन चालू झालं. आमच्या घरात मशीनच्या आवाजावरून हवामान कळतं. तो आवाज वादळाचा होता. मी निघता निघता तिच्यापाशी घुटमळलो.

"दुसरी बघू, वहिनी. गाड्यांना काय तोटा?"

"गाडी कोणतीही चालेल हो भाऊजी," ती हळूच म्हणाली. "मागे बसणारा मिळाला पाहिजे. अजून एक आठवडा हे असे पडून राहिले तर मी ओरडेन. महिना राहिले तर तेही करणार नाही, आणि मग हे उठायचेच नाहीत."

तिने धागा दातांनी तोडला आणि गळ्यातली टेप काढली.

"अहो, उठा. विजारीचं माप द्या."

"विजार? कशाला? आहेत की दोन."

"दोन्हींचे गुडघे गेलेत. उठा."

दादा उठला. इतकी वर्षं शिवणकामाच्या घरात राहिलेला माणूस टेप दिसली की हात आपोआप वर करतो. तिने कंबर घेतली, उंची घेतली. मग म्हणाली, "आता बसा. या स्टुलावर. गुडघे वाकवा. अजून. पाय जरा मागे घ्या."

"बसून कोण विजारीचं माप घेतं?"

"विजार उभ्याने फाटत नाही, बसताना फाटते."

हे दादाला पटलं. तिने त्याची कंबरेपासून गुडघ्यापर्यंत, गुडघ्यापासून टाचेपर्यंत सगळी घडी मोजली आणि टेपवर खडूने खुणा केल्या. मग आतल्या खोलीत जाऊन भिंतीला टेकून स्वतःचीही एक खूण केली. मी पाहिलं आणि जिना चढून वर गेलो. काही गोष्टी पाहून वर जाण्यासारख्या असतात.

रविवारी तिने आम्हाला जुन्या गाड्यांच्या अड्ड्यावर नेलं. दादा यायला तयार नव्हता. वहिनी म्हणाली, "नका येऊ. भाऊजी निवडतील." तो शर्ट बदलूनच आला.

अड्डा म्हणजे पत्र्याचं एक आवार, त्यात गुरांच्या बाजारासारख्या उभ्या केलेल्या जुन्या मोटारसायकली, आणि सावलीला खुर्चीत झोपलेला मालक. त्याच्या पोटावर एक मांजर झोपलं होतं. टायवाल्याने आम्हाला एवढं पिडलं होतं, की हा माणूस आम्हाला तीर्थासारखा वाटला.

"ही कशी आहे?" वहिनीने विचारलं.

"बघा," तो म्हणाला.

"चांगली आहे का?"

"ते तुम्हीच बघा." मांजराने कूस बदलली म्हणून त्यानेही बदलली.

वहिनीने टेप काढली आणि एका टोकापासून सुरुवात केली. सीटपासून जमिनीपर्यंत. दोन सीटांमधलं अंतर. मागची सीट ते फूटरेस्ट. उंच गाड्या ती नुसत्या हाताने बाजूला सारत गेली. मग जी उरे तिला धक्का देऊन दोन पावलं पुढे-मागे ढकलून बघे. वजन झेपलं तर ठेवी, नाही तर सोडी. लोक शोरूममध्ये जे कानांनी निवडतात ते ती दंडांनी निवडत होती.

दादा मागून चालत होता आणि तिने ठेवलेली प्रत्येक गाडी नापास करत होता.

"हिचा क्लच कडक आहे."

"माझ्या कात्रीपेक्षा नाही."

"ही खोकते."

"तुम्हीपण खोकता."

"हिच्या टाकीला पोचा आहे."

"तो बरा. पुढचा पडला तर लाजायला नको."

आवाराच्या शेवटी एक राखाडी रंगाची, बेताच्या उंचीची, बेताच्या तब्येतीची गाडी होती. आवाज कमी, अंग सडपातळ. वहिनीने टेप लावली. मग टेप गुंडाळली. पुढच्या सीटवर बसली. दोन्ही तळवे जमिनीला टेकले, टाचांसकट. तिने गाडी डावीकडे कलवली, उजवीकडे कलवली. गाडी तिच्या मांड्यांमध्ये मुकाट राहिली.

"बसा मागे," ती म्हणाली.

"मी कशाला?"

"माप बघायचंय."

"टेपने बघ."

"टेपने बघून झालं. आता माणसाने बघायचंय. भाऊजींना बसवू?"

माझ्याकडे एक तुच्छ कटाक्ष टाकून दादा मागे बसला. बसला म्हणजे उतरायच्या तयारीत बसला. मग त्याचे दोन्ही हात हवेत तसेच राहिले. जन्मभर त्या हातांना हँडल माहीत होतं. ते थोडे पुढे आले, मागे गेले, मांडीवर टेकले, पुन्हा उठले.

"हात कुठे ठेवायचे?" त्याने विचारलं. हा प्रश्न विचारताना त्याचा आवाज इतका लहान झाला होता, की खुर्चीतल्या मालकाने एक डोळा उघडला.

"एक माझ्या खांद्यावर. एक मागच्या दांडीवर. खांदा धरायचा, दाबायचा नाही. आणि आरशातून माझ्याकडे बघायचं नाही."

"का?"

"मी मागचा रस्ता बघू की तुमचं तोंड?"

तिने पिशवीतून हेल्मेट काढून डोक्यावर चढवलं आणि गाडी सुरू केली. ती आवारात एक फेरी मारणार होती. पहिल्या वळणाला गाडी अडखळली, हँडल डुगडुगलं, आणि वहिनीने पाय टेकून गाडी थांबवली. ते तळवे टेकले म्हणून ठीक. अंगठे असते तर आज जुन्या गाड्यांतही कुंडी शोधावी लागली असती.

"काय केलंत?"

"मी काय केलं? मी काहीच केलं नाही. नुसता बसलोय."

"तेच ते! नुसतं बसायचं नसतं. मी झुकले की तुम्हीही झुकायचं. तुम्ही खांबासारखे बसलात, तर मी गाडीशी भांडू की तुमच्याशी?"

"तू झुकायचीस?"

"मग! इतकी वर्षं गाडी काय आपोआप वळत होती? तुम्ही खांदा खाली केलात की मी खाली, वर केलात की मी वर. घाटात तर माझी कंबर धरायची."

आजवर आपण घेतलेली सगळी वळणं आपण एकट्याने घेतली, असं दादा समजत आला होता. पैकी निम्मी दुसऱ्या कुणाच्या नावावर निघाल्याने त्याचा हिशेब बसत नव्हता. शेवटी तो म्हणाला, "कधी बोलली नाहीस."

"तुम्ही कधी विचारलंत? पुढे बघा. म्हणजे, बघू नका. माझ्या खांद्यावरून बघायचंच असेल तर ज्या बाजूला वळतोय त्या बाजूने बघा."

दुसरी फेरी बरी झाली. तिसरीत दादा झुकला, पण इतका मनापासून, की विरुद्ध बाजूने गाडी सावरावी लागली. "अहो, नमस्कार नाही करायचा रस्त्याला!" वहिनी ओरडली. चौथ्या फेरीला दोघांचे खांदे एकदम खाली गेले आणि एकदम वर आले. फक्त ब्रेकच्या वेळी दादाचा उजवा पाय फूटरेस्टवर खटकन आपटत होता. तिथे ब्रेक नव्हता, पण त्याला थांबल्याचं समाधान मिळत होतं.

गाडी माझ्यासमोर येऊन उभी राहिली. वहिनीने हेल्मेट वर केलं आणि मागे न बघता विचारलं, "कशी आहे?"

क्लच, आवाज, टाकीची तब्येत, काही ना काही आता येणारच होतं. सोमवार उद्यावर होता आणि आवारात गाड्या संपत आल्या होत्या.

दादा मागे बसून थोडा सरकला. पुन्हा सरकला. सीटवर हात आपटून बघितला.

"मागची सीट जरा कडक आहे," तो म्हणाला. "टेकडीपर्यंत बूड दुखेल माझं."

वहिनीने हेल्मेट खाली ओढलं. ती हसली की काय ते मला दिसलं नाही. आवाज मात्र अगदी धंद्याचा आला.

"उशी शिवून देईन. हीच घेऊ या."

"घ्या," मालक म्हणाला आणि मांजर उचलून उभा राहिला. दिवसभरात त्याने केलेली ती पहिली विक्री असावी. मांजराला तरी ते नवीन होतं.

व्यवहार झाला. मी बसने घरी यावं असं एकमताने ठरलं. माझं मत कुणी विचारलं नाही, पण एकमत म्हणजे तेच असतं. ती दोघं निघाली. आवाराच्या फाटकाबाहेर लगेच मोठा रस्ता होता आणि किंचित चढ. बरोबर तिथे, फाटकाच्या तोंडाशी, रस्त्यावर अर्धी आणि आत अर्धी अशी, गाडी बंद पडली.

वहिनीने स्टार्टर दाबला. गाडी दचकली आणि परत बंद पडली. रस्त्याने एक विटांचा ट्रक आला होता. त्याने हॉर्न दिला. मग लांब हॉर्न दिला. मी फाटकात उभा राहून दादाकडे बघत होतो. नवशिक्यांना हॉर्न देण्यात त्याचा स्वतःचा हात धरणारा गावात कुणी नव्हता. आणि आता तर गिअर सांगायची, क्लच सांगायची, 'सरक, मी घेतो' म्हणायची सुवर्णसंधी त्याच्या पुढ्यात, अगदी खांद्याएवढ्या अंतरावर होती. त्याचे ओठ हललेही.

मग तो ट्रककडे वळला. पूर्ण वळला, कारण कडेचं दिसत नाही.

"ए भल्या माणसा!" तो ट्रकवाल्यावर गरजला. "काय आग लागलीय तुझ्या विटांना? बाई शिकतायत, दिसत नाही? तू काय आईच्या पोटातून गिअर टाकत आलास?"

"काका, गाडी बाजूला घ्या!"

"घेतील! त्यांच्या वेळेने घेतील! तू हॉर्न वाजव अजून, वाजव! बघतो किती वाजवतोस! क्लच आहे तो, दाराची बेल नाही, दाबला की—"

हे वाक्य अर्धं राहिलं, कारण तेवढ्यात वहिनीची गाडी सुरू झाली आणि ती निघाली. दादाचं तोंड अजून ट्रककडे होतं. त्याने हवेत हात मारून तिचा खांदा पकडला. तिने बहुधा 'दाबू नका' म्हटलं, कारण हात लगेच सैल झाला. पुढच्या वळणाला गाडी डावीकडे झुकली. दोन पाठी तिच्याबरोबर झुकल्या, त्यातली मोठी पाठ अंमळ उशिरा. आणि मग तो चढ तिने तिसऱ्या गिअरमध्ये घेतला, हे मला इथूनसुद्धा ऐकू आलं. दादालाही आलंच असणार. तो काही बोलला नाही. बोलला असता, तर वहिनीने गाडी थांबवली असती.